अर्ध्या उत्तराचा फळा

ज्या सकाळी मिस एनिड गेल्याचा निरोप दवाखान्यातून आला, त्या सकाळी त्यांनी माझ्यावर लिहिलेलं उत्तर अर्धंच होतं.

मित्रांनो, गयानामध्ये खांबांवर उभ्या असलेल्या एका घराखाली मी टांगलेलो आहे. आता जुना फळा, पण त्याआधी मी समुद्राच्या बांधातल्या उघाडीचं, म्हणजे पाण्याच्या वाटेचं, दार होतो. कथबर्ट अंकल तीस वर्षं ते उघडायचे आणि लावायचे. दार बदललं तेव्हा त्यांनी माझ्या फळ्या जोडल्या, काळा रंग दिला आणि शिकवण्या घेणाऱ्या आपल्या बायकोला, मिस एनिडना, मला देऊन टाकलं.

परीक्षेत हटकून येणारे प्रश्न मिस शनिवारी घ्यायच्या. पानं अन्न कशी तयार करतात, गुलामी कधी संपली, त्रिकोणाचं क्षेत्रफळ, नोकरीचा अर्ज, सगळं माझ्यावर आलं. अंकल खांबांना बांधलेल्या झोळीत पडून ऐकायचे.

"बाईसाहेब, अर्जाखाली सही राहिली. नोकरी काय भुताला देणार?"

"तुम्ही तुमचं दार सांभाळलंत, आता मला माझं सांभाळू द्या," मिस म्हणायच्या.

शेवटच्या दिवशी त्यांना ताप होता. अंकल त्यांना दवाखान्यात न्यायला गाडी बघायला गेले होते. प्रश्न होता, उघाडी केव्हा उघडतात आणि का? मिसनी लिहिलं, 'उघाडी भरतीला उघडतात, कारण' आणि खडू खाली ठेवला. चूक दाखवायला त्या दिवशी झोळीत कुणी नव्हतं.

नंतर अंकलनी मला कुणाला पुसू दिलं नाही. मुलं यायची, माझ्याकडे बघत जमिनीवर बसून वह्या भरायची. परीक्षेला चार दिवस उरले तेव्हा त्यांच्यातली सुमिंत्रा उभी राहिली.

"अंकल, सगळ्यांनी 'भरती' लिहून घेतलंय. बरोबर आहे का?"

"मिस चुकायच्या नाहीत."

"भरतीला उघडलं तर आमचं भाताचं शेत समुद्रात जाईल, आणि बाबा मला त्याच्या मागोमाग पाठवतील."

अंकल माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मग ओल्या बोटानं त्यांनी तेवढा एकच शब्द पुसला आणि वेड्यावाकड्या अक्षरात 'ओहोटीला' लिहिलं.

"तिला ठाऊक होतं," ते म्हणाले. "ताप होता तिला. लिहून घ्या. भरतीला समुद्र आपल्या जमिनीपेक्षा उंच असतो. ओहोटीला तो खाली उतरतो, तेव्हा शेतातलं पाणी आपोआप बाहेर जातं."

मुलांनी लिहून घेतलं. परीक्षा झाली. नवी मुलं आली आहेत, तीही जमिनीवरच बसतात.

मित्रांनो, पुसल्याशिवाय फळ्यावर नवं काही लिहिता येत नाही. अंकलनी मात्र मला पुसलेलं नाही. 'कारण' या शब्दापुढची जागाही अजून कोरीच आहे.