बत्तिसाव्या पानावरची खूण

मी पुस्तकातली खूण बोलतेय. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला शोधत बसायला नको: मी मूर्ख आहे. कित्येक वर्षं मला अगदी ठामपणे वाटायचं की जगातली झाडून सगळी पुस्तकं रटाळ असतात. कारण उघड आहे. माणसाला जांभई आली की तो मला त्या पानात खुपसतो आणि निघून जातो. म्हणजे माझ्या वाट्याला येतात ती फक्त जांभईची पानं. जन्मभर मी सूर्यास्ताची वर्णनं आणि 'मुलांनो, लक्षात ठेवा' एवढंच वाचलं, आणि त्यावर साहित्याबद्दल मत बनवून मोकळी झाले.

जन्म माझा शर्टात झाला. नव्या शर्टाच्या कॉलरखाली पुठ्ठा असतो ना, त्यातली मी. बाईंनी नवऱ्याच्या शर्टाची घडी मोडली, पुठ्ठा टाकवेना, म्हणून कात्री घेतली आणि सरळ कापायचं ठरवून मला वाकडी कापली. माझ्या पाठीवर ४२ छापलंय. तो शर्टाचा नंबर आहे, वय नव्हे. पण हल्ली कोपरे वळलेत, कमरेत घडी पडलीय, त्यामुळं मी वाद घालत नाही.

बाई म्हणजे माझ्या मालकीणबाई. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनात परीक्षक. लोकांनी लिहून पाठवलेल्या कादंबऱ्या घरी आणायच्या, वाचायच्या, अर्धं पान अहवाल लिहायचा आणि गठ्ठा संपादकांच्या टेबलावर ठेवायचा. अहवालातलं वाक्य ठरलेलं: 'भाषा ओघवती आहे, परंतु मुलांना कितपत रुचेल याबद्दल शंका वाटते.' संपादक ते वाचायचेच नाहीत. ते गठ्ठा आडवा धरून मी कुठून डोकावतेय ते बघायचे. चाळिसाव्या पानाच्या अलीकडे असले तर 'साभार परत'. पलीकडे असले तर 'बघू'.

म्हणजे मी नुसती बसले तरी लोकांची नशिबं ठरत होती. पुठ्ठ्याला ताठा यायला आणखी काय लागतं?

मग बाईंच्या नणंदेनं कादंबरी लिहिली.

या ताई दवाखान्यात नंबर पुकारतात. एक पेशंट आत गेला आणि पुढचा खोकत उठेपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात त्यांनी ती लिहिली. वर्षानुवर्षं. गठ्ठा स्वतः घेऊन आल्या.

"वहिनी, ओळख वगैरे काही नको हं. परक्याचं वाचतेस तसंच वाच."

"बरं," बाई म्हणाल्या. परक्याचं कसं वाचतात ते मला माहीत होतं, म्हणून मी ड्रॉवरमध्ये जरा आत सरकले.

"आणि नाही आवडली तर स्पष्ट सांग. मी पुन्हा लिहिणार नाही, एवढंच."

हे 'एवढंच' ऐकून बाईंनी चहात दोनदा साखर घातली.

ताई गेल्यावर सातवीतली लेक म्हणाली, "आई, यावेळी खरंच वाचावं लागणार तुला. आत्या एकेक प्रसंग विचारणार. तिनं सहलीचे फोटो दाखवले तेव्हासुद्धा नंतर प्रश्न विचारले होते."

"मग काय करू?"

"आम्हाला वर्गात शिकवतात तसं वाच. पेन्सिल घे. आधी नावावरून अंदाज करायचा. प्रश्न पडला की समासात लिहायचा. प्रकरण संपलं की मिटून काय झालं ते सांगायचं. आणि मधेमधे स्वतःला विचारायचं, मी असते तर काय केलं असतं."

"एवढं सगळं करून वाचायचं कधी?"

"यालाच वाचणं म्हणतात, आई."

तर अशा रीतीनं, केवळ नणंदेच्या धाकानं, बाई वाचायला शिकल्या. कादंबरीचं नाव होतं 'पृथ्वी कुणी फोडली?'. बाईंनी पहिल्याच पानावर अंदाज लिहिला: 'रॉकेट. परग्रह. देवा.' दुसऱ्या पानावर कळलं की पृथ्वी म्हणजे वर्गातला पृथ्वीचा गोल, तो सकाळी फुटलेला सापडतो. रॉकेट खोडलं गेलं. मी टेबलावर उताणी पडून ऐकत होते, कारण बाई लिहिता लिहिता मोठ्यानं बोलायच्या. "शिपाई असेल का? नाही, हा फारच गरीब दाखवलाय, म्हणजे हा नसणार. पीटीचे सर? इथं सात ओळी उपदेश, कापा. हा मामा कशाला आलाय? जेवून गेला फक्त, आवरा."

"आई, तू भांडतेयस."

"मग? पहिल्यांदाच मजा येतेय."

माझ्याकडं कुणी बघेना. मग बत्तिसावं पान आलं. गोल फोडल्याचा आळ नायिकेच्या मैत्रिणीवर येतो. ती रडत नाही, भांडत नाही. दुसऱ्या दिवशी दप्तर उचलते आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसते. तीन ओळी फक्त. बाई थांबल्या. मी आळोखेपिळोखे देऊन तयार झाले, आता जांभई येणार.

जांभई आली नाही. बाई लेकीकडं बघत होत्या. लेक बोटावरचा वाळलेला गोंद सोलत होती.

"तुझ्या वर्गात झालंय का असं काही?"

"वाच ना पुढं."

"कुणी बाक बदललाय?"

"पुढं वाच म्हटलं ना." मग गोंद संपल्यावर, "माझ्या शेजारचीनं. तिच्यावर आळ आला तेव्हा मी काही बोलले नव्हते."

बाईंनी मला त्या पानात ठेवलं आणि गठ्ठा मिटला. आत अंधार होता. बाहेर दोघी खूप वेळ बोलत होत्या.

पुढं बाईंनी कादंबरी शेवटापर्यंत वाचली. अहवाल चांगला लांबलचक लिहिला: उपदेश तीन ठिकाणी कापा, मामाला आवरा, पण बत्तिसाव्या पानासाठी तरी हे पुस्तक मुलांच्या हातात पडलंच पाहिजे. आणि संपादकांना ते पान पटकन सापडावं म्हणून मला परत तिथंच ठेवलं.

इथंच घोळ झाला. संपादकांनी गठ्ठा आडवा धरला. मी बत्तिसावर. 'साभार परत.'

मी गठ्ठ्यासकट दवाखान्यात पोचले. ताईंनी पाकीट फोडलं, मी होते तिथंच उघडलं आणि माझ्या पाठीवरचा आकडा बघितला. भावाच्या शर्टाचा नंबर बहिणीला पाठ असतो. त्यांनी गठ्ठा मिटून फोन लावला.

"वहिनी, बत्तीस पानं. इथल्या खुर्च्यांवर लोक डॉक्टरांची वाट बघत माझ्या तोंडाकडं याच्यापेक्षा जास्त वेळ बघतात."

"ताई, मी सगळी वाचलीय."

"असू दे गं. तसंही आता मी लिहिणार नाहीच."

"समास बघा आधी. कुठलंही पान उघडा."

ताईंनी उघडलं. एक पान, मग दुसरं. एक माणूस खोकून खोकून स्वतःच आत गेला. मग ताई कडाडल्या, "मामाला का आवरायचं?"

"जेवायलाच येतो तो."

"अगं, तो तुझ्या नवऱ्यावरून घेतलाय."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. त्या माणसाला दुसऱ्यांदा आत जायची वेळ आली तरी ते भांडण चालू होतं. मला हायसं वाटलं. लिहिणं सोडलेली बाई पात्रासाठी एवढी भांडत नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी गठ्ठा ताईंकडून परत आणून संपादकांपुढं आपटला.

"परत का आणलीत? खूण बत्तिसावर होती."

"मी पूर्ण वाचून मागं आले होते."

"इतक्या वर्षांत तुम्ही कधी मागं आला नाहीत."

हे खरंच होतं, म्हणून बाईंनी गठ्ठा माझ्यापाशी उघडून पुढं सरकवला. "ते पान वाचा. उभ्याउभ्याच वाचा."

त्यांनी वाचलं. पान उलटलं. मग डोळे वर न करता मागं हातानं खुर्ची चाचपली. मी घसरून टेबलाखाली पडले, तरी पानं उलटायचा आवाज थांबेना. इतका सुंदर अपमान माझा आधी कुणी केला नव्हता.

पुस्तक छापून आलं. मामा दोन पानांवर आलाय, ताई त्यावरून अजून टोमणे मारतात, आणि दवाखान्यात दुसरी कादंबरी सुरू झालीय. लेकीनं एक प्रत वर्गात नेली, त्या बाकाच्या प्रसंगात मला घातलं आणि शेजार सोडून गेलेल्या मुलीच्या हातात ती दिली. दोन दिवसांनी मी घरी आले. एकटीच. पुस्तक त्या मुलीनं ठेवून घेतलंय, दोघी मिळून दुसऱ्यांदा वाचतायत.

आता मी पेन्सिलीबरोबर एका मगात राहते. तुम्हाला विनंती एवढीच, पुस्तक मिटताना मला आत ठेवाल, तेव्हा का थांबलात तेही शेजारी लिहा. कंटाळा आला असेल तर कंटाळा लिहा, मी लेखकाला सांगणार नाही. पण कुणाची आठवण येऊन थांबला असाल तर तेही लिहा, नाहीतर माझ्यासारखी एखादी मूर्ख त्याला जांभई समजून बसते.

काल मी पेन्सिलीला म्हटलं, "मीही या कादंबरीवर चार ओळी लिहाव्यात म्हणते. इतके दिवस आत राहिले, मला ती पूर्ण कळलीय."

पेन्सिल म्हणाली, "मग पृथ्वी कुणी फोडली?"