एका बोटाची फट

मी फेरेट आहे. बांधा मुंगसासारखा, कान आखूड, आणि अंगाला असा वास की पाहुणे दारातूनच परत फिरतात. सशांच्या बिळात शिरायचं आणि सशांना बाहेर हुसकायचं, हे माझ्या घराण्याचं काम. माझं नाव बिशप, म्हणजे मोठा पाद्री. गळ्याखाली पांढरा पट्टा आणि जन्मापासूनच अंगाने भरलेला, म्हणून शेजारचा पर्सी कोट्स मला पहिल्यांदा पाहून म्हणाला, "जेथ्रो, हा फेरेट आहे का पाद्री? याला बिळात नको, चर्चमध्ये पाठव." तेच नाव चिकटलं.

जेथ्रो ऑल्डरसन माझा मालक. स्वेलडेल खोऱ्याच्या डोंगरउतारावर दगडी भिंती रचायचं त्याचं काम. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड बसवायचा. बोलणं कमी. दगड हातात घेऊन तो तीनदा फिरवायचा आणि मग एकदाच ठेवायचा.

आम्ही तीन भावंडं जगलो. मी, माझी बहीण नेल, आणि सगळ्यात धाकटी मिज. मिज म्हणजे इंग्रजीत चिलट. ती खरंच तेवढीशी होती. आईच्या दुधाशी तिचा नंबरच लागायचा नाही. तेव्हा जेथ्रोची बायको एड्ना तिला स्वयंपाकघरात घेऊन जायची आणि कापसाच्या बोळ्याने दूध पाजायची. एड्नाची छाती कफाने भरलेली असायची, ती फारशी बाहेर पडत नसे. मिज तिच्या शालीच्या घडीत झोपायची. मी पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावून बघत बसायचो. हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

शरद ऋतू आला तशी निवडीची वेळ आली. जेथ्रोकडे एका मादीपुरतीच जागा होती. मी नर, आणि थोराड. माझं काम वेगळं ठरलेलं होतं, ते पुढे सांगतो. पण बिळात मोकळी सोडायची मादी मापाची लागते. बिळाच्या प्रत्येक तोंडावर जाळी लावलेली असते. फेरेट जाळीच्या भोकांतून न अडकता आत-बाहेर करायला हवी. जाळी हलली की ससे सावध होतात. जेथ्रोने दोघींना जाळीतून काढून बघितलं. दोघीही निघाल्या.

"जाळीतून गेली म्हणजे झालं असं नाही," तो एड्नाला म्हणाला. "म्हातारा ससा पुढे वाट नसलेल्या आंधळ्या बोळात पाठ करून बसतो आणि लाथा मारतो. त्याला उलथवायला अंगात वजन हवं. नेलच्या खांद्यात ते आहे."

 एड्ना मांडीवरच्या मिजच्या पाठीवरून नुसतं बोट फिरवत राहिली.

संध्याकाळी पर्सी पेटी घेऊन आला. जेथ्रोने त्याच्या पेटीत नेलला ठेवलं.

पर्सीने पेटीत वाकून पाहिलं. "चांगली मला देतोयस? तब्येत बरी आहे ना तुझी?"

"घे आणि चालायला लाग," जेथ्रो म्हणाला.

आयुष्यभर एकेक दगड पारखून घेतलेला माणूस. तेवढ्या एका दिवशी त्याने बायकोच्या तोंडाकडे बघून निवड केली. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

सुरुवातीला सगळं बरं चाललं. ओढ्याकाठच्या भुसभुशीत बिळांतून मिजने ससे काढले. रोज घरी गेल्यावर एड्ना उशीला टेकून विचारायची, "आज काय केलं माझ्या मुलीने?" आणि जेथ्रो, ज्याच्या तोंडून दिवसभरात दहा शब्द निघत नसत, तो बसून तिला अर्धा तास सांगायचा. कुठल्या भोकातून गेली, कुठून निघाली, बाहेर येऊन कशी शिंकली. एड्ना हसायची. हसताना तिला खोकला यायचा, तरी हसायची.

डिसेंबरात आम्ही वरच्या कुरणावर गेलो. तिथे एका लांब भिंतीखाली सशांची जुनी वसाहत होती. भिंत जेथ्रोनेच सहा वर्षांपूर्वी रचलेली.

पर्सी म्हणाला, "इथले ससे जुने आणि माजलेले आहेत. नेलला सोडू का? पेटीतच आहे."

जेथ्रो जाळ्या लावत होता. त्याने वर न बघता म्हटलं, "मला संध्याकाळी घरी सांगायला काहीतरी हवं असतं रे."

पर्सीने नेलची पेटी बाजूला ठेवली.

मिज आत गेली. तीन ससे जाळ्यांत आले. मग जमिनीखाली धपधप झाली, आणि थांबली. दोघं थांबून राहिले. पर्सीने दोनदा पाईप भरला. मिज काही आली नाही.

अशा वेळी माझं काम असतं. नर थोराड असतो, आत जाऊन मादीला शिकारीवरून हटवतो. माझ्या गळ्यात पट्टा बांधतात, पट्ट्याला लांब दोरी. दोरीवर हातभर अंतराने गाठी असतात. किती गाठी आत गेल्या ते मोजायचं आणि दोरी थांबेल तिथे खणायचं.

मी आत गेलो. सात गाठी आत गेलो. पुढे बोळ वळला आणि भिंतीच्या पायाचे दोन दगड समोर आले. त्यांच्यात फट होती. मिज त्यातून गेली होती, तिचा वास दगडाला लागलेला होता. मी डोकं घातलं. डोकं गेलं. खांदे अडकले.

ती पलीकडेच होती. आंधळ्या बोळात, पलीकडच्या बिळातून आलेला एक दांडगा ससा तिला पाठीने दगडाशी दाबून बसला होता. त्याला उलथवण्याइतकं वजन तिच्यात नव्हतं. तिने मला ओळखलं. आम्ही लहानपणी गवतात खेळताना जसा बारीक आवाज काढायचो, तसा तिने काढला. मीही काढला. मग मी रेटलं. कातडी सोलली, तरी रेटलं. एका बोटाचा फरक होता, जास्त नाही. तिचा आवाज येत राहिला, मग थांबून थांबून यायला लागला.

वरून दोरी ओढली गेली. मी दगडाला दात लावून धरले. दुसऱ्यांदा ओढली तेव्हा दात सुटले.

जेथ्रोने माझे रक्ताळलेले खांदे पाहिले. गाठी मोजल्या. भिंतीकडे पाहिलं. मग कोट काढला आणि वरचा दगड उचलून खाली टाकला.

"जेथ्रो, उद्या कुरणवाला विचारेल," पर्सी म्हणाला.

"उद्या रचीन."

पर्सीनेही कोट काढला. दोघांनी मिळून दोन माणसं झोपतील एवढी भिंत पाडली. एरवी एकही दगड न फेकणारा माणूस त्या दिवशी दगड भिरकावत होता. पायाचा दगड हलला तेव्हा तो ससा बाहेर पडला आणि पर्सीच्या पायांमधून निघून गेला. त्याच्याकडे कोणी हात केला नाही.

मिज गरम होती. तोंडात सशाचे केस होते. श्वास नव्हता.

जेथ्रोने तिला खिशात घातलं. मला पेटीत न ठेवता सदऱ्याच्या आत घेतलं. पूर्ण उतारभर त्याच्या छातीचे ठोके मी ऐकत होतो.

एड्ना जागीच होती. "काय केलं आज तिने?"

जेथ्रो पलंगाच्या कडेला बसला. खिशातून मिजला काढून तिच्या ओंजळीत दिलं.

तिने मिजच्या तोंडातले सशाचे केस एकेक करून काढले. मग एड्नाने विचारलं, "नेल असती तर?"

तो खोटं बोलू शकला असता. मला वाटलं बोलेल. पण तो म्हणाला, "नेल असती तर बाहेर आली असती."

"म्हणजे माझ्यामुळे."

"तू दूध पाजलंस. निवडलं मी."

त्या दिवसापासून संध्याकाळचं ते सांगणं बंद झालं. दोघं विस्तवाजवळ बसायचे, एकमेकांशी प्रेमानेच वागायचे, पण बोलायला काही उरलं नसल्यासारखे. एड्ना माझ्या खांद्यांना मलम लावायची. एकदा लावता लावता म्हणाली, "तू गेला होतास ना रे तिथपर्यंत." मी तिच्या हाताखाली डोकं घातलं.

आता मला आठवं वर्ष आहे. फेरेटला हे फार झालं. एका डोळ्यात मोतीबिंदू झालाय, दात नाहीत. एड्ना दुधात पाव कुस्करून देते. कोणी पिल्लू मागायला आलं आणि "ती छोटीशी द्या, किती गोड आहे" असं म्हणालं, की जेथ्रो आत निघून जातो. तुमच्यापैकी कोणी कधी निवडायला आलात, तर एवढंच करा. तोंडाकडे बघू नका. खांदे बघा. तिला अंधारात एकटीला जायचं असतं.

माझं अंग आता उतरलंय. मांस गेलं, कातडी लोंबते. काल एड्नाने मला उचललं आणि म्हणाली, "बिशप, तुझ्यात काही राहिलंच नाही रे."

खरं आहे. आज मी त्या फटीतून सहज गेलो असतो.