मागे माती दिसली पाहिजे

हल्ली दर शरदात शिकारी संघाच्या सभागृहात नव्या परवानेवाल्यांना बोलावतात आणि मला पुढे बसवून म्हणतात, "अनुभवाचं काहीतरी सांगा." मुलं-मुली चांगली असतात. अंगात नारिंगी जाकिटं, चेहऱ्यावर उत्साह. मग प्रश्न सुरू होतात. हरणाला कुठला रंग दिसतो? दुर्बीण कुठली घ्यावी? बूट कुठले? अरे, बूट काय हरणाला मारायचे आहेत का? पण मी चिडत नाही. येतं ते सांगतो. खरं म्हणजे माझं लक्षच तिथे नसतं. मला ज्यांनी शिकवलं ते तीन म्हातारे डोळ्यांपुढे उभे राहतात आणि घसा दाटून येतो. पोरांना वाटतं, आजोबांना दमा आहे.

मी मुळात या डोंगरातला नाही. माझा जन्म खाली समुद्रकाठचा. आमच्या घरात भाऊच भाऊ आणि हिसानोच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, घरात मुलगा नाही, तेव्हा मी वर ओकुतोची गावी आलो, तिच्या घराचं आडनाव लावलं आणि घरजावई झालो. आमच्याकडे यात लाजण्यासारखं काही नाही. कागदोपत्री मी त्या घराचा मुलगाच झालो होतो. पण कागदावर काय, काहीही होतं. माझे सासरे इवामात्सु पहिल्या वर्षभरात माझ्याशी जेवढं बोलले, त्याहून जास्त ते त्यांच्या कुत्र्याशी एका सकाळी बोलत.

ओकुतोचीत बर्फ पडला की लाकूडतोड थांबते आणि पुरुष हरणांमागे जातात. सासरे टोळीचे म्होरके. हाकारे कुत्री घेऊन खालून रान उठवणार आणि बाकीचे वर ठरलेल्या जागी बंदूक घेऊन टपून बसणार, अशी पद्धत. कोण कुठे बसणार ते सासरे सकाळी शेकोटीपाशी काटकीने राखेत रेघा ओढून सांगत. मला त्यांनी त्यांची जुनी एकनळी बंदूक दिली आणि ओढ्याकाठच्या एका जागेवर नेऊन बसवलं. त्या जागेला सगळे 'डुलकी' म्हणायचे. का, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. तिथे हरीण सोडा, ससासुद्धा फिरकत नसे.

शिकवणारे मात्र भरपूर होते. कामेजिरो कोळसेवाला म्हणायचा, "उभा राहा. बसलास की झोपलास." लगेच यासाकु न्हावी म्हणायचा, "याचं काय ऐकतोस? बस खाली. उभ्या माणसाचे गुडघे वाजतात, हरणाला ऐकू जातं."

"गुडघे तुझे वाजतात, म्हाताऱ्या. पोराचे नाही."

"आणि हे बघ, हरणाच्या डोळ्यांत बघू नकोस. त्याला कळतं."

"डोळ्यांत नाही तर कुठं बघणार? शेपटीत? कानांकडे बघ रे. कान तुझ्याकडे वळले की हलायचं नाही. मागं गेले की मग हल."

दोघं असे भांडत बसायचे आणि मी मान डोलवायचो. सासरे यातलं काही बोलत नसत. तेव्हा मादीवर बार काढायला बंदी होती, म्हणून "शिंगं दिसल्याशिवाय चापावर बोट न्यायचं नाही," एवढं त्यांनी सांगितलं. आणि दुसरी एक गोष्ट. मला घराच्या मागच्या उतारावर उभं करून त्यांनी समोरच्या बांधाकडे बोट दाखवलं. म्हणाले, "हरणाकडे सगळेच बघतात. तू त्याच्या मागं बघ. मागं माती दिसली तर बार काढ. मागं आभाळ दिसलं तर बंदूक खाली. मग हरीण केवढंही असो."

"आणि पुन्हा दिसलंच नाही तर?"

"तर नाही दिसलं," असं म्हणून ते घरात गेले.

त्या हिवाळ्यात माझं नाव झालं, पण भलत्याच कारणाने. एके दिवशी यासाकुला सर्दी झाली आणि मला 'डुलकी'वरून उठवून त्याच्या जागी बसवलं. उन्हं वर येईपर्यंत काहीच घडलं नाही. भूक लागली. भाताचा गोळा काढला, तो आवाज न करता खाल्ला. मग सोबतच्या मुळ्याच्या लोणच्याची फोड तोंडात टाकली आणि दात लावला. आमच्या सासूबाईंचं लोणचं वर्षभर दगडाखाली दाबलेलं असायचं. असा काही 'कर्रर्र' आवाज झाला की समोरच्या झुडपातून एक धिप्पाड नर उडी मारून पळाला. तो तिथे कधीपासून उभा होता कोण जाणे. मी तोंडात मुळा धरून त्याच्याकडे बघत बसलो.

संध्याकाळी शेकोटीपाशी हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. कामेजिरोने तर सासूबाईंना निरोपच पाठवला, "वहिनी, जावयाला लोणचं मऊ द्या. नाहीतर दात काढून ठेवा त्याचे." तेव्हापासून मी वाटेवर दिसलो की पोरंटोरंसुद्धा दातांनी 'कर्रर्र' करायची. "काय रे मासळीवाल्या, गळाला लोणचं लावतोस काय?" असं कोणीतरी विचारायचं. सासरे हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुन्हा 'डुलकी'वर बसवलं.

आज हे सगळं आठवलं की हसू येतं, पण तेव्हा मी आतून पार खचलो होतो. मी माझं नाव दिलं होतं, समुद्र सोडला होता, आणि या माणसांच्या लेखी मी फक्त लोणचं खाणारा परका होतो. हंगाम संपायला आला तेव्हा एका संध्याकाळी मी हिसानोला म्हटलं, "शेवटच्या दिवसापर्यंत माझ्या हातून हरीण पडलं नाही तर मी खाली परत जातो. नाव परत घेतो. तू यायचं की नाही ते तू ठरव."

ती भांडी पुसत होती. "एका हरणासाठी?" म्हणाली.

"हरणासाठी नाही. या घरात मी कोण आहे ते एकदा कळू दे."

 तिचे हात थांबले.

शेवटचा दिवस उजाडला तो स्वच्छ, कडक थंडीचा. एरवी हाक्याला जाणाऱ्या कामेजिरोचा पाय मुरगळला होता, म्हणून कुत्र्यांबरोबर सासरे स्वतः खाली जाणार होते. आणि त्यांची स्वतःची जागा, वरची खिंड, तिथे कोण? राखेत रेघ ओढताना त्यांनी मान वर केली नाही. "खिंडीत हा," म्हणाले. यासाकुच्या हातातली विडी तशीच राहिली. त्या खिंडीत त्यांच्याशिवाय कोणी बसलेलं मी ऐकलं नव्हतं. कामेजिरो कुजबुजला, "मासळीवाल्या, आज खिसे तपासून जा. मुळा-बिळा नाही ना?"

हाकाऱ्यांसाठी सासऱ्यांचा एक नियम होता आणि तो मोडणाऱ्याला ते त्या हंगामात पुन्हा घेत नसत. ओढ्याची कडा सोडायची नाही. हाका संपल्याची, रिकाम्या काडतुसाची शिट्टी वाजेपर्यंत डोंगराच्या धारेवर यायचं नाही. वर टपलेल्यांना खात्री असायला हवी की धारेवर जे दिसेल ते जनावरच.

मी खिंडीत बसलो. नंतर उभा राहिलो. मग पुन्हा बसलो, दोन्ही म्हाताऱ्यांचं मन राखलं. खालून कुत्र्यांचं भुंकणं येत होतं, एकदा जवळ यायचं, एकदा लांब जायचं. मग ते ओढ्याच्या दिशेला वळलं. नर मागे फिरला होता. संपलं, म्हटलं. मनातल्या मनात मी सामानही बांधायला घेतलं.

तेवढ्यात भुंकणं पुन्हा वर सरकलं. फांद्या मोडल्याचा आवाज आला आणि समोरच्या धारेवर तो आला. शिंगांवर बर्फाचा भुगा होता आणि तोंडातून वाफ निघत होती. आजवर मी इतके नर पाहिले, पण त्याच्यासारखा एकही नाही. तो आडवा उभा राहिला. त्याचे कान मागे होते. मी बंदूक खांद्याला लावली, खटका सरकवला, छातीवर नेम धरला. अगदी नवख्याचाही चुकू नये असा नेम होता.

आणि मी त्याच्या मागे बघितलं. मागे निळं आभाळ होतं.

मी त्याला मनातल्या मनात विनवलं, एक पाऊल खाली ये. एकच. हिसानो दिसली, माझी बांधलेली पेटी दिसली, खाली जाणारी बस दिसली. सासऱ्यांच्या नावाने शिव्यासुद्धा आल्या तोंडात.  मग मी बंदूक खाली केली. कान वळले, आणि एका उडीत तो खिंडीपलीकडे गेला. रडू आलं मला. कोण बघणार होतं, म्हणून सरळ रडलो.

डोळे पुसतोय तोच, तो नर जिथे उभा होता नेमक्या त्याच जागी आमचा पांढरा कुत्रा गोन वर आला. आणि गोनच्या मागून, धापा टाकत, झाडाच्या मुळाला धरून, एक माणूस वर आला. डोक्यावरची टोपी आधी दिसली, मग चेहरा दिसला. माझे सासरे.

ते उभे राहिले. माझ्याकडे बघितलं, बंदुकीच्या नळीकडे बघितलं, बर्फातल्या खुरांच्या खुणांकडे बघितलं. खुणा अगदी त्यांच्या पायांपाशी होत्या.

"इथं होता?"

"हो."

"बार का नाही काढलास?"

"मागे आभाळ होतं, बाबा."

 ते बर्फातच मटकन खाली बसले. मी धारेवर चढून त्यांच्याशेजारी बसलो. गोन दोघांच्या मधे येऊन हाशहुश करत राहिला.

शेकोटीपाशी पोचलो तर सगळ्यांना खुणांवरून कळलंच होतं. "खिंडीतून नर गेला आणि बार नाही?" यासाकु ओरडला. "अरे, यावेळी काय चावत होतास?" कोणीतरी 'कर्रर्र' केलं. शेवटचा दिवस, हात रिकामे, लोक वैतागले होते. मी मान खाली घातली. खरं सांगितलं असतं तर म्होरक्याने स्वतःचाच नियम मोडला हे चारचौघांत आलं असतं. मी म्हटलं, "चुकलं माझं."

"त्याचं नाही चुकलं," सासरे म्हणाले. आवाज बारीक होता, पण सगळे गप्प झाले. "नर मागं फिरला होता. आज तो याच्याकडेच गेला पाहिजे असं माझ्या मनात होतं. म्हणून मी कडा सोडली, धार चढलो, त्याला वर रेटला. यानं बार काढला असता तर आत्ता तुम्ही मला खाली वाहून नेत असता."

 यासाकुने आपल्या हातातला साकेचा, तांदळाच्या दारूचा, पेला माझ्या हातात दिला.

घरी आलो तर हिसानो दारातच उभी. माझ्या रिकाम्या हातांकडे तिने बघितलं. मी हळूच विचारलं, "तू सांगितलं होतंस त्यांना? मी जाणार म्हणून?"

"सांगितलं," ती म्हणाली. "रात्रभर जागे होते."

न्हाणीघरातल्या, माणूस बसेल एवढ्या लोखंडी हंड्यातलं पाणी तापलं होतं. आमच्याकडे सगळं घर आधी अंग धुऊन एकामागून एक त्याच पाण्यात उतरतं आणि पहिलं, कोरं पाणी घराच्या कर्त्याचं. आल्यापासून मी सासऱ्यांनंतरच उतरत आलो होतो, दमून आलो असलो तरी. त्या दिवशी सासूबाईंनी सासऱ्यांपुढे पंचा धरला. त्यांनी तो घेतला आणि माझ्या खांद्यावर टाकला. "आधी तू," म्हणाले आणि बाहेर जाऊन हंड्याखालच्या चुलीपाशी लाकडं सारायला बसले.

मी पाण्यात उतरलो. पाण्यावर एक केसही नव्हता. गळ्यापर्यंत बुडून मी पोरासारखा हमसून रडलो, आणि भिंतीपलीकडे लाकडं फुटत होती म्हणून बरं, आवाज कोणाला गेला नसावा.

थोड्या वेळाने बाहेरून सासरे म्हणाले, "झोपलास काय आत? मला पण थंडी वाजते."

हंगाम संपला होता, हरीण मिळालं नव्हतं, आणि मला बाहेर यायची मुळीच घाई नव्हती.

"बाबा," मी आतून म्हटलं, "पाणी जरा कोमट वाटतंय. अजून एक लाकूड घाला."

भिंतीपलीकडे ते काहीतरी पुटपुटले. मग त्यांनी लाकूड घातलं.