दोन नळ्यांची होडी

ती सत्र निम्मं उलटल्यावर वर्गात आली, म्हणून तिचं नाव पडलं ‘नवी’. तिच्यामुळेच पटसंख्या विषम झाली. विज्ञानाच्या बाईंनी “जोड्या करा गं” म्हटलं, की नवीची जोडी आपली भिंतीशी!

या वेळी होडी करायची होती. पत्र्याची चपटी डबी, मागे दोन नळ्या, खाली मेणबत्ती. आतल्या पाण्याची वाफ झाली की ती नळ्यांतलं पाणी मागे ढकलते आणि होडी पुढे पळते.

“उष्णतेला कामाला लावा,” बाई म्हणाल्या. “जी होडी सरळ पळेल ती प्रदर्शनात!”

नवीला प्रदर्शनात जायचंच होतं. तिथे परकी माणसं येतात, ती तरी नाव विचारतात!

घरी होडी झकास झाली, पण घोडं भलतीकडेच अडलं. तिने नळ्या होडीच्या दोन कडांना बसवल्या होत्या. होडी उलटी धरून नळ्यांत पाणी भरायचं, तोंडं दाबून ती पाण्यात सुलटी करायची, तर दोन्ही हात तोंडांवरच. होडी धरणार कोण? आई कामावर. शेवटी नवीने साबणाची बुचं ठोकली.

वर्गात पाण्याचा टब मांडला होता. तिथेही तिने तेच केलं, आणि ऐटीच्या भरात बुचं काढायला विसरली. डबी फुगली. फट्! एक बूच उडालं, होडी गरागरा फिरली, मेणबत्ती विझली.

“होडी नव्हे, भोवरा!” वर्ग खिदळला.

“हसता काय? वाफेचा जोर बघा,” बाई म्हणाल्या. “भर परत.”

नवीने होडी पुढे केली. “कोणी... बोटं ठेवेल का?”

सगळ्या टबात बघत राहिल्या. मग पहिल्या बाकावरची बडबडी उठली. “आण इकडे. आमची तर बुडालीच.”

तिची बोटं नवीच्या हाताला गार लागली. मेणबत्ती पुन्हा पेटली. होडी फटफट करत सुटली ती थेट टबाच्या पलीकडे!

“कसली पळाली गं! तुझं खरं नाव काय?”

नवीने तोंड उघडलं, तोच मागून बडबडीच्या जोडीदारणीची हाक आली, “अगं चल ना, टब पुसायचाय!” आणि बडबडी पळाली.

“हीच जाणार प्रदर्शनात,” बाई म्हणाल्या. “बोटं धरायला कोणाला नेशील?”

“बघते,” नवी म्हणाली.

संध्याकाळी घरी तिने दोन्ही नळ्या उपटल्या आणि अगदी चिकटून शेजारी शेजारी बसवल्या. अंगठा एकीवर, तर्जनी दुसरीवर. एका हातात मावल्या; दुसरा होडी धरायला मोकळा.