न उमटलेली सहा बोटं

तुम्ही माझ्या बहिणीला खोटं सांगितलंत, सर. तेही हसत, थंड पाणी पाजून.

मे महिन्यात आम्ही भोकरहून लातूरला तुमच्या क्लासमध्ये आलो. माझी थोरली बहीण सिंधु आणि तिची जुळी लेकरं, तनुजा आणि सत्यम. दहावीला तनुजाला ब्याण्णव टक्के, सत्यमला अठ्ठावन्न. तुम्ही मार्कमेमो उघडलासुद्धा नाही. म्हणालात, "मार्क पाठांतराचे असतात. जन्मजात बुद्धी बोटांच्या रेषांत असते." आणि बोटांचे ठसे घ्यायचं मशीन पुढं सरकवलं.

सत्यमची दहाही बोटं लख्ख उमटली. तनुजाची सहा उमटलीच नाहीत. तुमच्या माणसानं ती ओल्या फडक्यानं पुसली, दाबली, परत पुसली. मग कागद निघाले. सत्यमच्या कागदावर, 'वैद्यकीय क्षेत्रासाठी अत्यंत योग्य', म्हणजे डॉक्टरच्या बॅचला. तनुजाच्या कागदावर, 'कल आढळत नाही'.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. रक्तातूनच येतं हे," तुम्ही म्हणालात.

सिंधुनं मान डोलावली. "खरं हाय सर. रेशनच्या मशीनला माझा बी अंगठा येत न्हाई. माझ्या मायचा बी येत न्हवता. पोरीत आमचंच उतरलं."

ती स्वतःलाच दोष देऊन राहिली होती, आणि तुम्ही ऐकून घेतलंत.

बाहेर आल्यावर तनुजा उसळली. "आई, परीक्षा संपल्यापासून मी हळद मोडून राहिले, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून राहिले. हा काय करत होता? मोबाइल!"

"मोबाइलनं बी बोटं झिजतेत, बये," सत्यम म्हणाला.

"तुझी न्हाई झिजली, डाक्टरसायेब."

सिंधु हसली नाही. "मशीनची काय दुश्मनी हाय तुझ्याशी?" म्हणाली. तिनं ठरवून टाकलं, सत्यम लातूरला, तनुजा घरी. अकरावीला भोकरातच नाव टाकायचं आणि शेत बघायचं.

मी तनुजाला नांदेडला माझ्या घरी नेलं. झिजलेली बोटं भरून यावीत म्हणून चाळीस दिवस भांड्यालाही हात लावू दिला नाही. "मामांनी भाचीला नवाबीण केलंय," माझी बायको म्हणायची.

काल तिला परत तुमच्यासमोर बसवलं. तेच मशीन. दहाच्या दहा बोटं उमटली. 'वैद्यकीय क्षेत्रासाठी अत्यंत योग्य', सत्यमचीच ओळ. तुम्ही तो कागद उलटा ठेवलात. "पहिलाच रिपोर्ट धरतो आम्ही. बोटं जन्मापासून तीच असतात."

असतील. रेषा आईबापाकडून येतात, मी कुठं नाही म्हणतो? पण आमच्या घरात आजीकडून आईकडं आणि आईकडून लेकीकडं आलं ते खुरपं. पोराच्या हातात ते कुणी दिलं नाही. तुमच्या मशीननं त्या खुरप्याला रक्त म्हटलं, आणि सिंधु अजून पहिलाच कागद खरा धरून बसली आहे. माझं ती ऐकत नाही. तुमचं ऐकेल.

सोमवारी वर्ग सुरू होतोय. तनुजा त्यात बसणार की नाही? बसणार नसेल तर कोणत्या कागदावरून? सिंधुला तुम्ही स्वतः फोन लावा, आणि मला लेखी उत्तर द्या.