भोंग्याचं कुलूप

कारखान्यात मला पाठीमागे भोंगा म्हणतात हे मला ठाऊक होतं. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि मला त्यातच मोठेपणा वाटायचा. आमचा कारखाना पुठ्ठ्याची खोकी बनवतो. बाकीची माणसं खोकी बनवतात आणि आम्ही पाच जण खोकी बनवणारी मशिनं दुरुस्त करतो. आमचा हेड निवृत्त झाला तेव्हा मॅनेजरसाहेबांनी मला सहा महिन्यांसाठी त्याच्या खुर्चीत बसवलं. तात्पुरता हेड. त्या ‘तात्पुरता’ शब्दाने माझी झोप उडवली होती. वीस वर्षं फिटर म्हणून हाडं झिजवली होती, आता ही खुर्ची कायमची माझी व्हावी, याखेरीज मला दुसरं काही नको होतं.

तर सहा महिने मी हेडगिरी केली म्हणजे काय केलं, ओरडलो. कुणी नट पिळला की मी जाऊन तो पुन्हा पिळायचो. कुणी मशीन पुसलं की मी बोट फिरवून बघायचो. हाताखाली चार माणसं असताना पाचांचं काम एकटा करायचो आणि वर ‘इथे कुणी ऐकतच नाही’ म्हणून बोंब मारायचो. बायको म्हणायची, “अहो, त्यांना ऐकू येतं. पलीकडच्या गल्लीतही येतं.” ती दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. दिवसभर दाढ ठणकणारी माणसं सांभाळते, त्यामुळे माझ्या आवाजाचं तिला काडीचं कौतुक नाही.

सगळ्यात जास्त बोलणी खायचा आमचा वेल्डर. नऊ वर्षं कामाला आहे, पण एका वाक्यापुढे बोलला तर दंड बसतो असं त्याला वाटत असावं. म्हणून त्याचं नाव घुम्या. मी त्याला झापलं की तो नुसता बघत राहायचा आणि मग जाऊन काम करायचा. त्या बघण्याने माझं डोकं आणखी फिरायचं. आत काही पोचतंय का नाही, कळायला मार्ग नाही.

आता कुलपाचं सांगतो, कारण सगळं रामायण त्यावरूनच झालं. मशिनमध्ये हात घालायचा तर आधी मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप ठोकायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची. पाच जण काम करत असले तर पाच कुलपं. ज्याने लावलं त्यानेच काढायचं. शेवटचं निघेपर्यंत मशीन हलत नाही. हा नियम आमच्याकडे मी आणला, आणि का आणला ते माझ्या डाव्या हाताकडे बघून कळतं. दोन बोटं नाहीत. तेव्हा मी तेवीस वर्षांचा, दुसऱ्या एका कारखान्यात होतो, हात मशिनमध्ये होता आणि त्या वेळच्या फोरमनने स्विच चालू केला. नंतर म्हणाला, “मला वाटलं तू बाहेर आलायस.” त्याला वाटलं. माझी बोटं गेली आणि त्याला नुसतं वाटलं.

सहा महिने संपत आले तसं साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, “काम तुमचं चोख आहे. पण माणूस हाताळणं जमत नाही. तीन दिवसांचं शिबिर आहे, जाऊन या. तिथला अहवाल आला की कायमचं पत्र काढतो.” मी पन्नाशीला आलेला माणूस, आणि मला शिबिराला. पण खुर्चीसाठी तेही करायला तयार झालो.

शिबिर एका हॉटेलच्या हॉलमध्ये होतं. शिकवणारे सर इतकं गोड बोलायचे की ऐकून तहान लागायची. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, तुमच्यातला नेता कोणत्या प्राण्यासारखा आहे? एका बँकेतले जाडजूड अधिकारी म्हणाले सिंह. एक बाई म्हणाल्या गरुड. मी म्हणालो खेचर. सरांनी तेही फळ्यावर लिहिलं आणि म्हणाले, वा, फार छान. तिथे सगळंच फार छान होतं. फोन मात्र दारातल्या टोपलीत बंद करून ठेवायचे, म्हणजे म्हणे माणूस मनाने हजर राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळा माल ज्यातून जातो त्या मोठ्या कटरचं पातं बदलायचं होतं. ते काम घुम्याला दिलं होतं. दिलं होतं म्हणजे तोंडाने दिलं होतं. साडेसातला मीच कारखान्यात हजर. आपलं कुलूप ठोकलं, घुम्याच्या हातातला पाना काढून घेतला, पातं बसवलं, बेअरिंग चाचपलं, चौघांनाही यथेच्छ झापलं आणि घड्याळात बघतो तो पावणेनऊ. उशीर झाला तर अहवाल बिघडेल म्हणून तसाच पळालो. पँट बदलली नाही, हात धुतले नाहीत आणि कुलूप काढलं नाही.

शिबिरात त्या दिवशी विश्वासाचा खेळ होता. डोळे मिटायचे, हात छातीवर घ्यायचे आणि मागे पडायचं. मागे उभा असलेला माणूस झेलतो. माझ्या मागे बँकेचा सिंह. सगळे पडले आणि झेलले गेले. मी काही पडेना. डोळे मिटायचो, अर्धा कलायचो आणि मागे वळून बघायचो की हा आहे ना जागेवर. असं पाच वेळा झालं. सर म्हणाले, “सोडून द्या स्वतःला. काय होईल फार तर?” मी त्यांना हात दाखवणार होतो, तेवढ्यात दार उघडून बायको आत आली. दवाखान्याचा निळा कोट तसाच अंगावर.

“तुम्ही इथे पडायला शिकताय,” ती म्हणाली, “आणि तिकडे कारखाना तीन तास बंद आहे. तुमच्या खिशात बघा.”

मी खिशात हात घातला. किल्ली. टोपलीतून फोन उचलला आणि तिच्या मागे धावलो.

वाटेत तिने सगळं सांगितलं. घुम्याने मला एक्केचाळीस फोन केले, ते सगळे टोपलीत गेले. शिबिर कुठल्या हॉटेलात आहे हे साहेबांनाही माहीत नव्हतं, आणि या वयात शिकायला जातोय हे मी लाजेने तिच्याखेरीज कुणाला सांगितलंच नव्हतं. दुसरी किल्ली मीच ठेवू दिली नव्हती. मोठ्या ऑर्डरचा ट्रक फाटकात उभा. शेवटी घुम्याने हजेरीपुस्तकातून घरचा नंबर शोधून तिला गाठलं. “सलग चार वाक्यं बोलला तो माझ्याशी,” बायको म्हणाली, “तेव्हाच मला कळलं की काहीतरी भयंकर झालंय.”

घुम्या शेडबाहेर उपड्या बादलीवर बसला होता. बाजूला कुलूप तोडायची मोठी कात्री पडलेली. साहेबांनी ती स्वतः आणून त्याच्या हातात दिली होती आणि तोड म्हणाले होते. त्याने तोडलं नाही. दुसऱ्या कुणाला तोडू दिलं नाही. साहेबांनी नोकरीवरून काढीन म्हटलं, तरी तो स्विचसमोरून हलला नव्हता. मग साहेबांनीच त्याला बाहेर काढलं. तरी बाकीच्या तिघांपैकी एकानेही, अगदी नव्या मुलीनेही, कात्री उचलली नाही, आणि स्वतः तोडून जबाबदारी घ्यायची साहेबांची तयारी नव्हती.

आणि मी काय केलं? सवयीप्रमाणे त्याच्यावरच भडकलो. “अक्कल गहाण ठेवलीस का? मशीन रिकामं दिसत होतं ना? मी आत नाही हे आंधळ्यालाही कळलं असतं. का नाही तोडलंस?”

तो माझ्याकडे तसाच बघत राहिला. मग म्हणाला, “तुम्ही म्हणाला होतात. रिकामं दिसलं तरी नाही.”

म्हणालो होतो. हेड झालो त्या पहिल्या आठवड्यात, टेबलावर हात आपटून, सगळ्यांसमोर. मी विसरून गेलो होतो. आत जाऊन कुलूप काढलं आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

साहेब वाईट माणूस नाहीत. पण वरून त्यांनाही कुणीतरी फाडून खात होतं, आणि वर पाठवायला त्यांना एक नाव हवं होतं. टेबलावर दोन कागद होते. एक घुम्याला कामावरून काढण्याचा, हुकूम मोडला म्हणून. दुसरा माझ्या कायमच्या हेडपदाचा, फक्त सही बाकी.

“अहवालाचं मी बघून घेतो,” साहेब म्हणाले. “तुम्ही एवढंच लिहा की जाताना कुलूप काढायचं काम त्याच्यावर सोपवलं होतं.”

“पण किल्ली माझ्या खिशात होती.”

“किल्लीचं लिहू नका.”

मी पेन उचललं. खोटं सांगत नाही, उचललं. ‘मी आज सकाळी वेल्डरला’ इथपर्यंत लिहिलंसुद्धा. वीस वर्षांची खुर्ची एका ओळीवर आली होती, आणि ओळीत पुढचे शब्द काय असायला हवेत ते मला पाठ होते. पण हात चालेना. सहा महिने मी घसा फोडत होतो की इथे कुणी ऐकत नाही. आणि बाहेर बादलीवर एक माणूस बसला होता ज्याने माझं ऐकलं होतं. इतकं ऐकलं होतं की नोकरी गेली तरी चालेल म्हणून उभा राहिला. माझी बोटं गेली तेव्हा असा एक जरी स्विचजवळ असता तर.

मी ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, ‘कुलूप माझं. किल्ली मी नेली. चूक माझी एकट्याची. वेल्डरने नियम पाळला.’ सही केली.

साहेबांनी वाचलं. “मग खुर्ची विसरा,” ते म्हणाले.

“विसरलो,” मी म्हणालो. “द्यायचीच असेल तर त्याला द्या. तो मुकाट्याने चालवेल, तुमच्या कानांनाही आराम.”

साहेबांनी माझ्या देखत घुम्याचा कागद फाडला. माझाही फाडला. वाईट वाटलं का? वाटलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. बायकोने समजूत घातली नाही, फक्त माझ्या पानातली पोळी उचलून स्वतः खाल्ली आणि म्हणाली, “उरलेलं शिबिर पूर्ण करा, पैसे भरलेत.” मी गेलो नाही.

साहेबांनी महिनाभर बाहेरून हेड शोधला. त्या पगारात कुणी मिळाला नाही, म्हणून घुम्याला केलं.

त्याच्या पहिल्या दिवशी मी नेहमीसारखा साडेसातला पोचलो. कटरचं पातं पुन्हा बदलायचं होतं, आणि घुम्याने ते आमच्यातल्या सगळ्यात नवख्या मुलीला दिलं होतं. मेन स्विचला तिचं कुलूप होतं. ती पाना उलटा धरत होती. मी पुढे झालो, हात आपोआप लांब झाला, तोंड उघडलं. घुम्या मध्ये येऊन उभा राहिला.

“तुमची पाळी आठला,” तो म्हणाला. “बाहेर थांबा.”

मी त्याच्याकडे बघितलं, त्या पोरीकडे बघितलं. तिने पाना सुलटा करून घेतला होता. मी तोंड मिटलं आणि बाहेर जाऊन बादलीवर बसलो. आठला पाच मिनिटं असताना कटर सुरू झालं, माझा हात न लागता.