पुढचा शाफ्ट

मी अंजूरच्या राघोची जीप बोलतेय. अकरा वर्षं अंगणात एकाच जागी उभी आहे. आज मन मोकळं करते.

१९८२ साली राघोने मला लष्कराच्या लिलावातून आणलं. तिथल्या ड्रायव्हरने त्याला नीट समजावलं होतं. एरवी माझी मागचीच दोन चाकं ओढतात. चिखल लागला की मोठ्या गिअरशेजारचा छोटा गिअर ओढायचा, मग पुढचा शाफ्ट, म्हणजे पुढच्या चाकांना जोर पोचवणारा दांडा, फिरतो आणि चारही चाकं कामाला लागतात. डांबरी रस्त्यावर मात्र तो काढायचा. राघोने ते कायमचं लक्षात ठेवलं. खाडीकाठच्या शेतातून भाताची पोती भरून मी ऐटीत बाहेर यायचे.

त्याचा धाकटा भाऊ कोंडू मात्र उतावळा. फोर-व्हीलर म्हटल्यावर चारही चाकांनी ओढायलाच हवं, असं त्याचं ठाम मत. छोटा गिअर लावूनच तो मला डांबरी रस्त्याने धामणकर नाक्यापर्यंत पळवायचा. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं, मागच्यांना कमी, आणि मी तर दोन्ही एकत्र जखडलेली. टायर किंचाळायचे, स्टिअरिंग जड व्हायचं. शेवटी १९८६ च्या उन्हाळ्यात नाक्यावरचा मिस्त्री म्हणाला, "आगे का शाफ्ट निकाल दो, हल्की चलेगी." कोंडूने तो काढून भंगारात दिला. छोटा गिअर तेवढा जागेवर राहिला, म्हणून चारी चाकं अजूनही लागतील असंच त्याला वाटलं. राघोला सांगायचं तो विसरूनच गेला.

त्याच वर्षी श्रावणात राघोच्या बायकोला, शेवंताला, कळा सुरू झाल्या. भर दुपारी आम्ही भिवंडीच्या दवाखान्याकडे निघालो. बांधालगतचा रस्ता खचला होता, मी रुतले. राघो मागे वळून म्हणाला, "घाबरू नको, चारी चाकं लावतो आता."

त्याने छोटा गिअर ओढला. पुढची चाकं हललीसुद्धा नाहीत. मागची जागच्या जागी फिरत खोल गेली. आसपासच्या शेतांतल्या माणसांनी शेवंताला बाजेवर घालून नेलं, पण फार उशीर झाला होता. ती गेली, बाळही गेलं. मला अजून तिचं कण्हणं ऐकू येतं.

"गेर मीच उशिरा वढला," असं राघो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. त्यानंतर त्याने मला हात लावला नाही.

आता आमच्या शेतात गोदाम झालंय. गेल्या महिन्यात तिथे निघालेली एक परदेशी गाडी आमच्या अंगणात थांबली. तिचा ड्रायव्हर कौतुकाने सांगत होता की हिला छोटा गिअरच नाही. चारही चाकं सदा ओढतात आणि वळणावर आपापल्या वेगाने फिरतात. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, जुन्या जीपला गिअर ओढून सांगावं लागतं, पण पुढचा शाफ्ट नसेल तर कितीही ओढा, उपयोग नाही.

कोंडू ऐकत होता. तो वाकला, माझ्या पोटाखाली बराच वेळ बघत राहिला. उठला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं.

"काय रं, काय बघतंस?" राघोने ओसरीवरून विचारलं.

"काय न्हाय," कोंडू म्हणाला आणि घरात गेला.

कोंडू, तू मुद्दाम केलं नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण तुझा भाऊ अकरा वर्षं स्वतःला दोष देत झिजतोय. त्याला एकदा खरं सांग. मला बोलता येतं ते या कागदावरच, आणि राघोला वाचता येत नाही.